गरोदरपणाचं कार्ड आहे, मग पाळी जाण्याचं का नाही?

गरोदर बाईच्या हाती पहिल्याच भेटीत एक कार्ड पडतं. त्यावर सुरुवातीलाच शेवटच्या पाळीच्या तारखेचा रकाना असतो. मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवीतली प्रथिनं, पुढच्या भेटीची तारीख. या नऊ महिन्यांत किमान ८ भेटी व्हाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलं. बाळंतपण झालं, मुलाच्या लसी झाल्या, की कार्ड कपाटात जातं. आरोग्यव्यवस्थेच्या लेखी ती बाईही तिथेच जाते. पुढे ४५ ते ५५ या वयात कधीतरी तिची पाळी जाते आणि त्यानंतर ती आणखी ३० वर्षं सहज जगते. नऊ महिन्यांना आठ भेटी, तीस वर्षांना एकही नाही.

या लेखातली मागणी साधी आहे. वयाच्या पंचेचाळिशीच्या आसपास प्रत्येक बाईला प्राथमिक आरोग्यसेवेत एक ठरलेली, निदान २० ते ३० मिनिटांची भेट मिळावी. तक्रार असो वा नसो. पाळी गेल्यावर ती पुन्हा व्हावी आणि त्यानंतर दर दोन-तीन वर्षांनी. ही भेट गल्लोगल्लीच्या डॉक्टरकडे, नर्सकडे मिळाली पाहिजे. ती फक्त खास क्लिनिकात आणि मोठी फी भरणाऱ्यांनाच मिळू नये.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: पाळी जाणं हा निसर्गक्रम आहे, आजार नाही, उगाच डॉक्टर कशाला? गरोदरपण तरी कुठे आजार आहे? तिथे आपण तपासण्या करतो त्या धोका वेळेत ओळखण्यासाठी. आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग मात्र खरा आहे. व्यवस्थेने जागा मोकळी सोडली की बाजार आत शिरतो. 'हार्मोन पॅकेज' नावाच्या रक्ततपासण्या हे त्याचं ठळक उदाहरण. पंचेचाळिशी उलटलेल्या बाईची पाळी मागेपुढे होतेय, अंगातून वाफा निघताहेत, तर निदान बोलण्यातूनच होतं. या काळात एफएसएच, म्हणजे अंडाशयांना चालना देणारं हार्मोन, आज वाढलेलं दिसतं, महिन्याभराने नॉर्मल येतं, त्यामुळे त्या आकड्यावर काहीच ठरवता येत नाही. सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली, हे कॅलेंडरच सांगतं. रक्ततपासणी खरोखर लागते ती चाळिशीच्या आत पाळी थांबलेल्यांना, म्हणजे साधारण शंभरात एकीला. नेमक्या त्यांनाच 'टेन्शन घेऊ नका, येईल' म्हणून परत पाठवलं जातं.

बहुतेक बायकांचा प्रवास असा होतो. छातीत धडधड होते म्हणून त्या हृदयाच्या डॉक्टरकडे जातात. झोप उडते म्हणून झोपेची गोळी मिळते. सांधे आखडतात म्हणून हाडांच्या डॉक्टरकडे, वारंवार लघवीची जळजळ होते म्हणून पुन्हा पुन्हा अँटिबायोटिक, चिडचिड आणि रडू येतं म्हणून आणखी एक गोळी. पाच दारं, पाच चिठ्ठ्या, आणि पाचांपैकी एकानेही विचारलेलं नसतं की बाई, शेवटची पाळी कधी आली होती?

वाफा म्हणजे नेमकं काय होतं ते पाहू. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमसमध्ये शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणा आहे. तिच्यालगतच्या काही पेशींवर इस्ट्रोजेन या अंडाशयातल्या हार्मोनचा लगाम असतो. पाळी जाताना हे हार्मोन घटून तो सैल झाला की त्या पेशी न्यूरोकायनिन बी नावाचं रसायन भरमसाट सोडू लागतात आणि शरीराला चालणारा तापमानाचा पट्टा अगदी अरुंद होतो. एरवी लक्षातही आला नसता असा किंचित चढ झाला, की शरीर 'फार तापलं' समजून कामाला लागतं. त्वचेच्या रक्तवाहिन्या उघडतात, छाती-मान-चेहरा लाल होतो, घाम फुटतो, नाडी पळू लागते. दोन-चार मिनिटांत हे ओसरतं आणि घामाने गार झालेल्या अंगाला हुडहुडी भरते. रात्री पांघरूण फेकायचं आणि पाच मिनिटांत पुन्हा ओढायचं, ते यामुळे. असं रात्रीत चार-पाचदा झालं तर सकाळच्या विसरभोळेपणाचं आणखी कारण शोधायला नको. अमेरिकेत बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेणाऱ्या 'स्वान' या अभ्यासाने २०१५ मध्ये दाखवलं की वारंवार येणाऱ्या वाफांचा काळ साधारण ७.४ वर्षं असतो. पाळी चालू असतानाच ज्यांना वाफा सुरू होतात, त्यांना तो ११ वर्षांच्याही पुढे जातो. 'वर्षभर कळ काढा' हा सल्ला देणाऱ्याने हे आकडे पाहिलेले नसतात.

आता त्या भेटीत काय व्हावं? पहिला प्रश्न, शेवटच्या पाळीची तारीख. लगेच दुसरा: पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा अंगावरून रक्त गेलं का? एकदाच, डागापुरतं का होईना. गेलं असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवून आधी सोनोग्राफी. गर्भाशयाच्या अस्तराची जाडी ४ मिलिमीटर किंवा त्याहून कमी असेल तर कर्करोगाची शक्यता फार कमी. जास्त असेल, किंवा रक्त पुन्हा पुन्हा जात असेल, तर अस्तराचा तुकडा तपासायला पाठवायचा. अशा रक्तस्रावामागे दहातल्या नऊ जणींत कर्करोग निघत नाही. पण ज्यांना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग असतो, त्यांच्यातल्या दहापैकी नऊ जणींना आधी हेच लक्षण दिसलेलं असतं. इतकी स्पष्ट सूचना देणारे कर्करोग थोडेच आहेत, आणि तरीही 'पाळी परत आली वाटतं' म्हणून महिनोन्‌महिने जातात.

मग रक्तदाब. तो नीट मोजला गेला तरच त्याचा उपयोग. पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, लघवीला जाऊन आलेलं, पट्टा बाहीवर नको, उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या पातळीत, आणि मोजताना गप्पा नाहीत. मिनिटभराने पुन्हा एकदा. सोबत साखर आणि कोलेस्टेरॉल, कारण शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल हे वाईट कोलेस्टेरॉल झपाट्याने चढतं आणि चरबी नितंबांवरून पोटाकडे सरकते. बायकांच्या मृत्यूचं जगभरातलं पहिलं कारण हृदयविकार आहे, स्तनांचा कर्करोग नव्हे. कपाटातलं जुनं कार्ड इथे बाहेर काढायला हवं. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याची वेळ आली होती का, तेव्हा साखर वाढली होती का? पहिल्या प्रकारात पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट होतो, दुसऱ्यात मधुमेहाचा कित्येक पटींनी. ही माहिती वीस-पंचवीस वर्षं तिथे लिहिलेली असते. तिचा पुढे काही उपयोग आहे, हे त्या बाईला कुणी सांगितलेलं नसतं.

तिसरी गोष्ट उंची. भिंतीला टाचा लावून, चपला काढून. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त घट असेल, तर पाठीचा मणका दबला असण्याची शंका घेऊन एक्स-रे काढायचा. मणक्याची बरीच फ्रॅक्चर्स न पडता, न कळता होतात. 'पाठ धरली' एवढंच वाटतं. आणि खुर्चीची परीक्षा: साधी, हात नसलेली, साधारण ४३ सेंटिमीटर उंचीची खुर्ची, दोन्ही हात छातीवर दुमडलेले, ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्टच्या बाईला बारा वेळाही जमलं नाही, तर तिचे पाय कमकुवत आहेत आणि पडण्याचा धोका आहे. याला ना यंत्र लागतं ना प्रयोगशाळा, तरी हे कुणी करत नाही.

शेवटचे प्रश्न विचारणाऱ्यानेच काढायला हवेत, कारण बाई आपणहून बोलणार नाही. खोकताना, शिंकताना लघवी सुटते का? योनिमार्गात कोरडेपणा, आग? संबंधांच्या वेळी दुखतं का? इस्ट्रोजेन गेल्यावर तिथली त्वचा पातळ होते, आम्लता घटते, संरक्षण करणारे जिवाणू कमी होतात आणि लघवीच्या वाटेने जंतू सहज वर चढतात. वाफा काही वर्षांनी शमतात; हा त्रास आपोआप जात नाही, वाढतच जातो. उपाय जुना, स्वस्त आणि मोठ्या प्रमाणात न वापरलेला आहे: योनिमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेन. पहिले दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार लघवीचा संसर्ग होणाऱ्या, पाळी गेलेल्या बायकांना हे क्रीम दिलं, तेव्हा वर्षाला सरासरी ०.५ वेळा संसर्ग झाला. नुसतं क्रीम, औषध नसलेलं, लावणाऱ्यांना ५.९ वेळा. अँटिबायोटिकच्या प्रत्येक नव्या चिठ्ठीआधी हा आकडा आठवावा. हे इस्ट्रोजेन रक्तात नगण्य मिसळतं. स्तनांचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी त्या डॉक्टरांशी बोलायचं.

लघवी सुटण्यावर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम खरंच चालतो, पण नीट शिकवला तर. वायू रोखताना जे आत-वर ओढलं जातं तेच ओढायचं. आठ वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. चुका ठरलेल्या असतात. श्वास रोखून खाली जोर दिला जातो, त्याने उलट अंग बाहेर येण्याला मदत होते. मांड्या आणि नितंब आवळले जातात, तळ तसाच ढिला. लघवी मध्येच थांबवून सराव करायची सवय तर सोडूनच द्यावी. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. पत्रक हातात देऊन हे येत नाही. पाच मिनिटं शिकवणारं माणूस लागतं.

आता हार्मोन्स, म्हणजे त्रास कमी करायला गोळीतून किंवा त्वचेवरच्या पट्टीतून दिलं जाणारं इस्ट्रोजेन आणि त्याच्या जोडीचं प्रोजेस्टेरॉन. या विषयावरची भीती कुठून आली, ते ठाऊक असल्याशिवाय निर्णय नीट होत नाही. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतल्या 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या चाचणीचा एक भाग थांबवला गेला. त्यात १६,६०८ बायका होत्या, सरासरी वय ६३. त्यांना घोडीच्या लघवीतून काढलेलं इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन हे प्रोजेस्टेरॉनसारखं कृत्रिम हार्मोन तोंडावाटे दिलं जात होतं. बातम्यांत आला तो आकडा: स्तनांच्या कर्करोगात २६ टक्के वाढ. तोच आकडा उलगडून सांगितला तर असा दिसतो: दर १०,००० बायकांमागे वर्षाला ८ जणींना जास्त कर्करोग, ७ जास्त हृदयविकार, ८ जास्त पक्षाघात, ८ जणींच्या फुप्फुसात गुठळी, उलट ६ आतड्याचे कर्करोग कमी आणि ५ खुब्याची फ्रॅक्चर्स कमी. दोन्ही मांडण्या खऱ्या आहेत. एकीने घाबरून चिठ्ठ्या फाटल्या. दुसरीने विचार करता आला असता. गर्भाशय काढलेल्या बायकांना नुसतं इस्ट्रोजेन दिलं होतं. त्या गटात २००४ पर्यंत स्तनांचा कर्करोग वाढलेला दिसला नाही, ही गोष्ट मथळ्यापर्यंत पोचलीच नाही.

एक तुलना मात्र प्रत्येक बाईपुढे ठेवावी अशी आहे. ब्रिटनमधल्या आकडेवारीनुसार पन्नाशीतल्या १००० बायकांपैकी पाच वर्षांत २३ जणींना स्तनांचा कर्करोग होतोच. एकत्रित हार्मोन्सने त्यात ४ ची भर पडते. रोज दारू घेणाऱ्यांत ५ ची. लठ्ठपणाने २४ ची. आठवड्याला अडीच तास व्यायाम करणाऱ्यांत ७ कमी होतात. हार्मोनच्या पट्टीला घाबरणारं घर वाढत्या वजनाबद्दल निवांत असतं.

२००२ च्या त्या चाचणीने खरंच शिकवलं ते इतकंच की पासष्टीत, हृदय वाचवायला म्हणून, हार्मोन्स सुरू करू नयेत. साठीच्या आत किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, त्रास होणाऱ्या निरोगी बाईला फायदा धोक्यापेक्षा सहसा जास्त असतो. स्तनांचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात, यकृताचा चालू आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यांपैकी काही असेल तर नाही. त्वचेवर लावायच्या पट्टीतून, नेहमीच्या मात्रेत, गुठळीचा धोका वाढलेला दिसत नाही. गोळीने तो वाढतो. वजन जास्त असेल तर पट्टी किंवा जेल घ्यावं, ते यासाठी. गर्भाशय जागेवर असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हवंच: रोज रात्री १०० मिलिग्रॅम, किंवा महिन्यातले १२ ते १४ दिवस २०० मिलिग्रॅम. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जाऊन कर्करोग होऊ शकतो, हे १९७५ पासून ठाऊक आहे आणि ही चूक अजूनही होते.

बिघडतं ते बहुधा लहान गोष्टींत. पट्टी क्रीम लावलेल्या त्वचेवर चिकटवली म्हणून सुटते. कमरेखाली, पोटाच्या खालच्या भागावर कोरड्या जागी लावायची, दर वेळी जागा बदलायची, स्तनांवर कधीच नाही. प्रोजेस्टेरॉन सकाळी घेतलं तर दिवसभर गुंगी, रात्री घेतलं तर तीच गुंगी कामाला येते. पहिले तीन महिने थोडं रक्त जाऊ शकतं. सहा महिन्यांनंतरही गेलं तर तपासायचं. आणि तीन आठवड्यांत 'फरक नाही' म्हणून सोडायचं नाही, तीन महिने बघायचं.

ज्यांना हार्मोन्स चालत नाहीत त्यांना 'मग सहन करा' म्हणायची वेळ राहिलेली नाही. न्यूरोकायनिनचा मार्ग अडवणारं फेझोलिनेटंट, रोज ४५ मिलिग्रॅम, अमेरिकेत मे २०२३ मध्ये मंजूर झालं. यकृताच्या तपासण्या आधी, पहिले तीन महिने दर महिन्याला, मग सहाव्या आणि नवव्या महिन्यात कराव्या लागतात. व्हेनलाफॅक्सिनसारखी नैराश्यावरची काही औषधं कमी मात्रेत वाफा कमी करतात. टॅमॉक्सिफेन हे स्तनांच्या कर्करोगावरचं औषध चालू असेल तर नैराश्यावरचं पॅरोक्सेटिन टाळायचं, ते टॅमॉक्सिफेनचा परिणाम मारतं. झोपेसाठी विचार आणि सवयींवर काम करणारी उपचारपद्धती गोळीपेक्षा टिकाऊ आहे. वनस्पतीजन्य कॅप्सूल्सचा पुरावा डळमळीत आहे, जाहिरात मात्र भक्कम. आणि आता लंबक उलट्या टोकाला चाललाय, हेही म्हटलं पाहिजे: त्वचेखाली बसवायच्या हार्मोनच्या दाण्यांपासून 'कायम तरुण' ठेवणाऱ्या मिश्रणांपर्यंत. दाणा एकदा बसवला की मात्रा कमी करता येत नाही.

हाडांवर थोडं थांबायला हवं, कारण इथे सल्ला सर्वांत चुकीचा दिला जातो. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत हाडाची घनता वीस टक्क्यांपर्यंत घटू शकते. यावर सांगितलं जातं: चाला आणि कॅल्शियमची गोळी घ्या. चालणं हृदयाला उत्तम, पण हाडाला जास्त बळकट व्हायला भाग पाडेल इतका भार त्यातून पडत नाही. 'लिफ्टमोर' या चाचणीत हाडं विरळ झालेल्या, पाळी गेलेल्या बायकांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, देखरेखीखाली जड वजनं उचलली. जमिनीवरून वजन उचलणं, खांद्यावर वजन घेऊन बैठक, डोक्यावर वजन ढकलणं, प्रत्येकी पाच वेळांचे पाच संच, आणि वरून खाली उडी. आठ महिन्यांत कण्याच्या हाडाची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची घटली. 'या वयात जड उचलू नका' हा प्रेमाचा सल्ला तेव्हा हाडांच्या मुळावर येतो. देखरेख हवी हे खरं. पहिला महिना फक्त पद्धत शिकण्यात गेला तरी चालेल, कंबर वाकवून उचलणं हीच पाठ दुखावण्याची वाट आहे. स्नायूंसाठी रोज वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं, तीन जेवणांत वाटून. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारून. कॅल्शियम दिवसाला एकूण १२०० मिलिग्रॅम, त्यात आहारातलं आधी मोजायचं, कमी पडेल तेवढीच गोळी.

डेक्साची, म्हणजे हाडांची घनता मोजणारी, तपासणी पासष्टीला सगळ्यांना. त्याआधी, जर पाळी लवकर गेली असेल, आईचा खुबा मोडला असेल, स्टेरॉइड्स घेतली असतील किंवा किरकोळ पडण्यातून हाड मोडलं असेल. टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी केलेली तुलना, उणे २.५ किंवा त्याखाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. औषध दिलं तरी ते कसं घ्यायचं हे सांगितलं नाही तर फुकट जातं. हाडांची झीज रोखणाऱ्या अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत, चहा-दुधासोबत नाही. नंतर अर्धा तास ना खाणं ना आडवं होणं. चहासोबत घेतली तर ती शोषलीच जात नाही, आडवं झालं तर अन्ननलिका भाजते. त्याच कामाच्या डेनोसुमॅबचं दर सहा महिन्यांचं इंजेक्शन तर मनाने बंद करायचंच नाही. थांबवल्यावर हाड झपाट्याने झिजतं आणि एकदम अनेक मणके दबू शकतात. पुढचं औषध ठरवूनच ते थांबवायचं.

ज्यांना ही भेट पंचेचाळिशीच्याही आधी लागते त्या म्हणजे दोन्ही अंडाशयं काढलेल्या बायका. गर्भाशयाबरोबर 'आता कशाला ठेवायची' म्हणून अंडाशयंही काढली जातात आणि बाई एका रात्रीत रजोनिवृत्तीत जाते. पंचेचाळिशीआधी असं झालं तर हृदयविकार, ठिसूळ हाडं आणि स्मृतिभ्रंश यांचा धोका वाढतो. तिला, मनाई करणारं कारण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यायला हवं. शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर हे वाक्य ठळक अक्षरांत असावं आणि घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर काय काढलं, काय ठेवलं हेही. 'पिशवी काढली' एवढंच सांगता येणाऱ्या बायका असंख्य आहेत. अंडाशयं आहेत की नाहीत हे त्यांना ठाऊकच नसतं, आणि पुढच्या प्रत्येक उपचाराचा निर्णय त्यावरच अवलंबून असतो.

एवढ्यासाठी माणसं कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. पण वर सांगितलेल्या भेटीतलं बहुतेक काम शिकलेली नर्स करू शकते: प्रश्न, रक्तदाब, उंची, खुर्ची, व्यायाम शिकवणं. डॉक्टरकडे जायचं ते निर्णयापुरतं. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२५ पासून रजोनिवृत्तीच्या किमान २० मिनिटांच्या तपासणीला सरकारी आरोग्य विम्यात स्वतंत्र जागा दिली. डॉक्टरला त्या वेळेचे पैसे मिळतात, म्हणून वेळ मिळतो. जिथे बारा मिनिटांत तीन रुग्ण उरकायचे असतात तिथे कोरडेपणाचा प्रश्न विचारला जाणार नाही, कितीही प्रशिक्षण द्या. खर्चाचा विचार करायचाच तर खुब्याच्या फ्रॅक्चरपासून सुरुवात करावी: शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने अंथरूण, आणि साधारण पाचातल्या एकीचा वर्षभरात मृत्यू.

तोवर प्रत्येकीने एक साधा कागद जवळ ठेवावा आणि कुठल्याही डॉक्टरपुढे तोच आधी मांडावा. त्यावर शेवटच्या पाळीची तारीख, चालू औषधं मात्रेसह, आजची उंची, रक्तदाब, आईच्या खुब्याबद्दल एक ओळ, शस्त्रक्रियेत काय काढलं ते. आणि मागच्या बाजूला, टाचणीने जोडलेलं, ते जुनं गरोदरपणाचं कार्ड.